आधी प्रत काढा, मग दुरुस्तीला हात घाला

प्रश्न : मी एका छोट्या व्यवसायाचे हिशेब एकटीच सांभाळते. आम्ही टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतो. डेटा मालकांच्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवर आहे आणि मी नेटवर्कवरून माझ्या मशीनवर काम करते. परवा व्हाउचर, म्हणजे एका व्यवहाराची नोंद, सेव्ह करतानाच वीज गेली. तेव्हापासून सॉफ्टवेअर सुरू होतं, पण कंपनी (टॅलीत आमच्या हिशेबाच्या वह्यांना हेच नाव आहे) निवडली की एरर येते आणि सगळं बंद पडतं. एक मैत्रीण म्हणते, सरळ रिपेअर कर. दुसरा ओळखीचा म्हणतो, पेन ड्राइव्हवरचा बॅकअप रिस्टोअर कर. पण तो १५ दिवसांपूर्वीचा आहे. तिसऱ्याने फाइल दुरुस्त करणाऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरची लिंक पाठवली आहे. मालकांना अजून सांगितलेलं नाही, 'नेटवर्क स्लो आहे' म्हणून वेळ मारून नेते आहे. रात्री झोप लागत नाही. १५ दिवसांच्या एंट्री गेल्या का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : तिन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. पहिले दोन चुकीचे नाहीत, पण त्यांची वेळ अजून आलेली नाही. तिसरा मात्र ऐकूच नका, त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या एंट्री गेल्या असं मी आत्ता म्हणणार नाही, कारण तसं म्हणायला अजून काही आधार नाही. कंपनी उघडत नाही एवढंच आपल्याला माहीत आहे. एक व्हाउचर सेव्ह होतं तेव्हा सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी लिहीत नसतं. व्हाउचर एकीकडे नोंदवलं जातं, खात्यांच्या शिलका दुसरीकडे बदलतात, शोधायला लागणारी सूची आणखी कुठेतरी. वीज मधेच गेली की या नोंदींचा एकमेकींशी मेळ राहत नाही आणि सॉफ्टवेअर उघडतानाच अडखळतं. अशा वेळी आधीच्या हजारो व्हाउचरना बहुतेकदा धक्काही लागलेला नसतो. खरा धोका नंतर असतो. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते बटण दाबतो आणि जे शाबूत होतं तेही हातचं जातं. रिपेअर मूळ डेटावरच काम करतं. रिस्टोअर त्याच जागी केलं तर १५ दिवसांपूर्वीचा डेटा आजच्या डेटावर बसतो. दोन्ही गोष्टी करून झाल्यावर मागे फिरता येत नाही.

म्हणून पहिलं काम प्रत काढण्याचं. दोन्ही मशीनवरची टॅली पूर्ण बंद करा. मुख्य कॉम्प्युटरवर डेटाचा फोल्डर शोधा. टॅलीत प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्याचं नाव म्हणजे एक आकडा असतो. तो कुठे आहे हे आठवत नसेल तर टॅलीच्या इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये टॅली डॉट आयएनआय ही साध्या मजकुराची फाइल असते, तिच्यात डेटाचा मार्ग लिहिलेला सापडेल. ती फक्त वाचा, बदलू नका. मग कंपनीचा अख्खा फोल्डर उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आतल्या निवडक फाइली नेऊ नका. कुठली कामाची आणि कुठली बिनकामाची हे ठरवत बसण्याची ही वेळ नाही. प्रतीच्या नावात तारीख घाला आणि पुढे 'मूळ, हात लावू नये' असं लिहा. मग तिथूनच आणखी एक प्रत तुमच्या मशीनवर काढा. पुढचे सगळे प्रयोग या दुसऱ्या प्रतीवर.

कॉपी करतानाच मशीन अडकलं, किंवा एखादी फाइल वाचता येत नाही असा संदेश आला, तर दुखणं बहुधा टॅलीचं नाही, डिस्कचं आहे. मग तो कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरीचं काम जाणणाऱ्या माणसाकडे द्या. अशा वेळी बरेच जण चेकडिस्क हा विंडोजमधलाच डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवायला सांगतात. ते आधी चालवू नका. चेकडिस्क विंडोजच्या फाइल व्यवस्थेची घडी बसवतं, तुमच्या हिशेबांशी त्याला देणंघेणं नसतं. ज्या तुकड्यांचा पत्ता लागत नाही ते कापून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून देतं, आणि त्यांतून टॅलीचा डेटा पुन्हा जुळवणं फार कठीण.

प्रत निघाली की, पुढचं काहीही करण्याआधी, मालकांना सांगा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की दोन दिवस हे ओझं तुम्ही एकट्या वाहता आहात. वीज जाणं तुमच्या हातात नव्हतं. मुख्य कॉम्प्युटरला यूपीएस असतं तर व्हाउचर सेव्ह व्हायला पुरेसा वेळ मिळाला असता, आणि ते घेण्याचा निर्णय तुमचा नव्हता. 'परवा वीज गेली तेव्हापासून कंपनी उघडत नाही. डेटाची प्रत सुरक्षित काढली आहे. आज दिवसभरात दोष कुठे आहे ते शोधते. तोवर नव्या बिलांची नोंद कागदावर ठेवू. गरज पडली तर बाहेरून माणूस बोलवावा लागेल.' एवढं पुरे. नेटवर्कची सबब दिली होती हेही त्याच वेळी सांगून टाका. मालकांना कळणं कामासाठीही गरजेचं आहे, कारण नाहीतर तेच उद्या सकाळी 'बघू काय झालंय' म्हणत त्या मशीनवर रिस्टोअर करून मोकळे होतील.

आता तपास. फाइल उघडत नाही या एका तक्रारीत निदान चार वेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा. सॉफ्टवेअरच सुरू होत नसेल तर डेटाचा संबंध नाही. ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल किंवा लायसन्सचं पाहावं लागेल. सॉफ्टवेअर सुरू होतं पण यादीत कंपनीच नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा ते चुकीच्या ठिकाणी शोधतं आहे. वीज आल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की बाहेरच्या डिस्कचं अक्षर बदलतं, राउटर मशीनला नवा पत्ता देतो, नेटवर्क ड्राइव्ह जोडलेलाच राहत नाही. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर 'स्पेसिफाय पाथ' वापरून खरा मार्ग दिला की ती समोर येते. कंपनीच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या दिसत असतील तर टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटा कुलूपबंद करण्याच्या सोयीचा, पासवर्ड लावलेला आहे. तो माहीत असलेला माणूस शोधा, कारण टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर परत मिळवण्याची सोय नाही. चौथी तक्रार तुमची आहे: कंपनी दिसते, निवडताही येते, पण उघडताना कोलमडते.

यातही डेटा बिघडला आहे असं लगेच धरू नका. आधी दोन्ही मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. कोलमडलेलं सॉफ्टवेअर पडद्यावरून जातं पण मेमरीत रेंगाळतं आणि डेटाच्या फाइली धरून ठेवतं. मग तीन चाचण्या करा. तुमच्या मशीनवर एक रिकामा फोल्डर तयार करून त्यात एखादी खोटी कंपनी उघडा. ती नीट चालली तर सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. नंतर मुख्य कॉम्प्युटरवर स्वतः बसून तुमची कंपनी उघडून पाहा. तिथे उघडली तर डेटा शाबूत आहे आणि दोष दोन मशीनच्या मधे आहे: शेअरिंग, फोल्डरवरचे अधिकार, फायरवॉल, यांपैकी काहीतरी. वीज गेल्यानंतर विंडोज कधी कधी ऑफिसचं नेटवर्क सार्वजनिक समजून बसतं आणि मग शेअर केलेले फोल्डर इतर मशीनना मिळत नाहीत. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते पुन्हा खासगी करावं लागतं. तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी. तुमच्या मशीनवर ठेवलेली दुसरी प्रत 'स्पेसिफाय पाथ'ने उघडा. प्रत उघडली आणि मूळ जागेवरचा डेटा उघडत नसेल, तर दोष जागेचा आहे. अँटिव्हायरसने फोल्डर अडवला असेल, किंवा टॅलीला तिथे लिहिण्याची परवानगी नसेल. विंडोज सिक्युरिटीत ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमना लिहू न देण्याची सोय आहे, ती कुणी चालू केली असेल तर टॅलीचं नाव परवानगीच्या यादीत घाला. त्यासाठी अख्खं अँटिव्हायरस बंद करून ठेवू नका.

दोन्ही मशीनवर टॅलीप्राइमचं रिलीज, म्हणजे आवृत्ती, एकच आहे ना, हेही पाहा. मुख्य कॉम्प्युटरवर मधेच अपडेट झालं आणि तुमच्याकडे जुनंच राहिलं, असं सर्रास होतं. रिलीज ३.० मध्ये डेटाची रचना बदलली. त्यात आणलेली कंपनी आधीच्या रिलीजमध्ये उघडत नाही. क्विकबुक्स डेस्कटॉप हे हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, नव्या वर्षाच्या आवृत्तीने फाइल एकदा बदलून घेतली की जुनी आवृत्ती तिला स्वीकारत नाही. अशा वेळी उपाय एकच, सगळ्या मशीनवर आवृत्ती सारखी करणं.

खोटी कंपनी नीट चालली, पण तुमची कंपनी मुख्य कॉम्प्युटरवरही कोलमडली आणि दुसरी प्रतही उघडली नाही, तर मात्र डेटाला इजा झाली आहे. रिपेअर करण्याआधी फोल्डरमधल्या फाइलींचे आकार पाहून घ्या. एखाद्या मुख्य फाइलचा आकार शून्य दिसत असेल तर तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नाही. रिपेअरवर वेळ न घालवता बॅकअपकडे वळा. आकार ठीक असतील तर तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्याची वेळ आली. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून 'डेटा'चा मेनू उघडा, त्यात 'रिपेअर' निवडा आणि मार्ग दुसऱ्या प्रतीचा द्या. मार्ग दोनदा वाचून मगच पुढे जा. चालू असताना मधे थांबवू नका. डेटा मोठा असेल तर वेळ लागेल आणि पडदा गोठल्यासारखा वाटेल, तरी हात लावू नका. शक्य असेल तर हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करा, म्हणजे पुन्हा वीज गेली तरी अडणार नाही.

रिपेअरनंतर कंपनी उघडली की जीव भांड्यात पडतो आणि तिथेच बहुतेक लोक थांबतात. तुम्ही थांबू नका. उघडलेला डेटा पूर्ण आहे याची खात्री सॉफ्टवेअर देत नाही, ती तुम्हालाच करून घ्यावी लागते. जुळत नसलेले तुकडे रिपेअरने वगळलेले असू शकतात. डे बुक, म्हणजे रोजच्या नोंदींची यादी, उघडा आणि शेवटच्या १५ दिवसांतले व्हाउचर नंबर ओळीने पाहा, मधे कुठे खंड आहे का. बँकेचं खातं स्टेटमेंटशी ताडून बघा. शेवटचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, छापलेला किंवा कुणाला मेल केलेला असेल तर त्या तारखेच्या शिलका जुळतात का बघा. माल ठेवत असाल तर स्टॉक वजा गेलेला नाही ना, हेही. वीज गेली त्या क्षणीचं व्हाउचर तर नक्कीच तपासा. ते अर्धवट असेल किंवा अजिबात नसेल. हे सगळं जुळलं तरच दुरुस्त झालेली प्रत मुख्य कॉम्प्युटरवर न्या. तिथला बिघडलेला फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा.

क्विकबुक्स वापरणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी मधेच सांगते, कारण त्यांचीही अशीच पत्रं येतात. कंपनीची खरी फाइल क्यूबीडब्ल्यू या नावाच्या शेपटाची असते. क्यूबीबी हा बॅकअप आहे. त्यावर दोनदा क्लिक करून तो उघडत नाही, रिस्टोअरच करावा लागतो, आणि 'फाइल उघडत नाही' म्हणणाऱ्या काहींच्या हातात प्रत्यक्षात हीच फाइल असते. दुसरं म्हणजे कंपनीच्या फाइलशेजारी एनडी आणि टीएलजी अशा दोन फाइली दिसतात. नेटवर्कची अडचण असेल, विशेषतः एच २०२ हा एरर क्रमांक येत असेल, तर सर्व्हरकडे, म्हणजे फाइल ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे, जाणारा रस्ता अडला आहे असं समजा. एनडी फाइलचं नाव बदलून ठेवलं तर सॉफ्टवेअर ती पुन्हा तयार करतं. टीएलजीत मात्र शेवटच्या बॅकअपनंतरचे व्यवहार नोंदलेले असतात, त्यामुळे ती कधीही पुसू नका, प्रत काढताना सोबतच घ्या.

आता समजा रिपेअरही चाललं नाही. मग १५ दिवसांपूर्वीचा बॅकअप, पण तो नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. त्याआधी आणखी ताजी प्रत कुठे मिळते का ते शोधा. मुख्य कॉम्प्युटरवर डेटाच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहा. विंडोजने मधल्या काळात स्वतःहून जुनी अवस्था जपून ठेवलेली असू शकते. कर सल्लागाराला किंवा ऑडिटरला अलीकडे डेटा पाठवला होता का, आठवा. तो मेलमधला जोड आज सोन्याच्या मोलाचा ठरेल.

काहीच नाही मिळालं तरी १५ दिवसांच्या एंट्री पुन्हा घालणं अशक्य नाही. व्यवहार झालेले आहेत आणि त्यांच्या खुणा सॉफ्टवेअरबाहेर आहेत. माझ्या मते विक्रीच्या बिलांपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या प्रती ग्राहकांच्या हातात आहेत आणि तिथला नंबर, तारीख, रक्कम जशीच्या तशी यायला हवी. व्हाउचर नंबर आपोआप पडत असतील तर एकही बिल मागेपुढे घालू नका, नाहीतर पुढचे सगळे नंबर सरकतील. छापलेली बिलं, मेल केलेल्या पीडीएफ, मोबाइलवर पाठवलेले फोटो, सगळं एका ठिकाणी जमवा. मग बँकेचं स्टेटमेंट घेऊन जमा आणि खर्च ओळीने घाला. स्टेटमेंट पूर्ण असतं, त्यात काही सुटत नाही. खरेदी त्यानंतर, पुरवठादारांच्या बिलांवरून. एखादं बिल सापडत नसेल तर पुरवठादाराकडे खात्याचा उतारा मागा. रोखीचे व्यवहार शेवटी, कारण त्यांना आठवणीचा आणि पावत्यांचा आधार घ्यावा लागतो, आणि तोवर बाकीचं जुळलेलं असलं की रोख शिल्लक कुठे चुकते ते पटकन दिसतं. मालकांना शेजारी बसवा. कुणाला काय दिलं हे त्यांनाच आठवेल.

त्या लिंकबद्दल. हिशेबाच्या डेटात ग्राहकांची नावं असतात, बँक खाती असतात, कुणाचं किती देणं आहे ते असतं. अनोळखी सॉफ्टवेअरच्या हाती हे देऊ नका. मदतीचे फोन नंबरही इंटरनेटवर शोधून लावू नका. नामवंत कंपन्यांच्या नावाने खोटे मदत केंद्र चालवणारे लोक आहेत. ते तुमच्या मशीनचा ताबा मागतात आणि पुढचं नुकसान डेटापेक्षाही मोठं असतं. नंबर सॉफ्टवेअरच्या 'हेल्प'मधून किंवा लायसन्स घेतलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. आणि फोल्डरमधल्या सगळ्याच फाइलींची नावं विचित्र झालेली असतील, शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी पडलेली असेल, तर तो खंडणीखोर व्हायरस आहे. मशीन ताबडतोब नेटवर्कपासून तोडा, बॅकअपची डिस्क जोडू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात अशा काही व्हायरसांची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रश्न हा नाही, पण एकदा नजर टाकून घ्या.

काम मार्गी लागल्यावर मालकांकडे यूपीएस आणि दोन बाहेरच्या डिस्क मागा. रोज संध्याकाळी बॅकअप, एक दिवसाआड डिस्क बदलून, आणि त्यातली एक डिस्क ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून पाहा, शेवटच्या दिवसाचं डे बुक उघडतं का बघा. चालू डेटा गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायचा मोह होईल, तो टाळा. टॅलीच्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात आणि ही सेवा त्या एकेक करून वर पाठवते. मधल्या वेळात एक फाइल नवी आणि दुसरी जुनी राहिली की परवा वीज जाऊन झालं तसंच होतं. तिथे तयार बॅकअपची फाइल ठेवायला हरकत नाही.

मदत बोलवायची वेळ आलीच तर एररचा फोटो काढून ठेवा, त्यातला आकडा आणि शब्द जसेच्या तसे सांगा, रिलीजचा क्रमांक, वीज गेली ती वेळ, आणि त्यानंतर तुम्ही काय काय करून पाहिलंत तेही. येणारा माणूस काम त्या दुसऱ्या प्रतीवर करू दे. हे करूनही अडलं तर त्या एररचा मजकूर मला पाठवा.